परक्यांचे कोट

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील असं धरून चालते. इकडे बाबा ठीक, मी ठीक, आणि वर काकाही ठीक असावेत, कारण सकाळी त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. तुझ्या वडिलांच्या तब्येतीची बातमी मला सध्या छतातून मिळते.

पत्र कशाला, फोन कर की, असं म्हणशील. तर आमच्या वकिलांची ताकीद आहे की विरुद्ध पक्षाच्या माणसाशी फोनवर बोलायचं नाही. मेसेज तर नाहीच नाही, उद्या ते छापून कोर्टात लावतात. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. पत्र नावाची वस्तू अजून अस्तित्वात आहे हे बहुधा त्यांच्या गावीच नाही. आणि विरुद्ध पक्ष म्हणजे कोण, तर तू. मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडणारा विरुद्ध पक्ष.

तू गेल्यापासूनचं तुला तुकड्यातुकड्यांनीच कळलं असेल, म्हणून सलग सांगते. आजोबा काही लिहून न ठेवता गेले. बाबा म्हणाले, लाँड्री दोघं मिळून चालवू. काका म्हणाले, आता गुडघे चालत नाहीत, विकून मोकळे होऊ. एवढंच. यावर एका संध्याकाळी चहा पिऊन तोडगा निघाला असता, पण त्या संध्याकाळी दोघांनीही चहा घेतला नाही आणि बाबांनी दावा लावला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये अशी म्हण आहे ना, पण चढलेल्याने उतरायचं कसं याची म्हण कुणी केलेली दिसत नाही.

मग कोर्टाचा हुकूम आला: निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे. काही विकायचं नाही, हलवायचं नाही, बदलायचं नाही. काय काय आहे ते लिहून घ्यायला कोर्टाने एक कमिशनर पाठवला. नवाच वकील होता, बुटांना नवेपणाचा वास. त्याने वाफेची मशीन लिहिली, टेबलं लिहिली, इस्त्र्या लिहिल्या, आणि मग रांगेने लटकवलेले कपडे बघून तेही लिहिले. मिळकतीतले कपडे म्हणून. मी म्हटलं, अहो ते गिऱ्हाइकांचे आहेत. तो म्हणाला, मी फक्त दिसतं ते लिहितो.

तुला वाटेल दोन्हीकडच्या वकिलांनी लगेच दुरुस्ती मागितली असेल. छे. आमचे म्हणाले, यादीला हरकत घेतली की यादीच लोंबकळते आणि यादी आपल्या फायद्याची आहे. तुमचेही तेच म्हणाले असणार, कारण तेही गप्प. दोन सख्खे भाऊ ज्या एकाच गोष्टीवर एक झाले ती ही. अख्ख्या गल्लीचे कोट आजोबांची इस्टेट झाले.

आणि मी झाले ताबा. वकील म्हणाले, हुकमामुळे दुकान बंद असलं तरी आत माणूस हवा, ताबा सोडू नका. आई तर सरळ मावशीकडे निघून गेली, तुमचा ताबा तुम्हीच सांभाळा म्हणाली. बाबांना वकिलाकडे चकरा. राहिलं कोण? जिच्या पायाला भिंगरी आहे म्हणून तुम्ही भिंगरी नाव ठेवलंत, तिला स्टुलावर बसवलंय. सोडलं तर पळतं आणि धरलं तर चावतं, असं हे स्टूल आहे. मी काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. मग परत येते. शटरच्या फटीतून रस्ता बघते. परत चालते. बरोबरीच्या सगळ्या मुली कुठे कुठे गेल्या, आणि मी हँगरांची रखवालदार.

अजून एक सांगायचं होतं. मागच्या आठवड्यात मागचा पाईप फुटला, ओल आली, म्हणून कमिशनर पुन्हा येऊन गेला. नगांची मोजणी बरोबर भरली. तरीपण बाबांनी काहीतरी अर्ज केलाय. काकांना नोटीस येईल. घाबरू नकोस. कपड्यांचं काहीतरी आहे.

बाकी विशेष काही नाही.

तुझा तो कॉलेजचा मरून ब्लेझर तुला आता लागत नाही ना? सहज विचारते.

तुझी,
भिंगरी

१६ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. खुशाली विचारायची औपचारिकता तू केली नाहीस, मीही करत नाही.

"माझ्या बापाला चोर ठरवताय आणि मला ब्लेझर लागतो का विचारतेस," असं लिहिलंयस. बरोबर आहे. मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं आणि सांगायचं तेवढंच टाळलं. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा पाईपवर घसरले. आज घसरणार नाही.

काकांनी काही चोरलेलं नाही. कपडे मी दिले.

आता सुरुवातीपासून. पहिला तो वेटर आला, चौकातल्या हॉटेलातला, उंच, वाकून बोलणारा. त्याचा काळा कोट आपल्याकडे. कोटाशिवाय त्याला हॉलमध्ये उभं करत नव्हते, मागे भांड्यांवर टाकलं होतं.

मी म्हटलं, "देता येत नाही, कोर्टाचा हुकूम आहे."

तो म्हणाला, "कोर्ट माझा कोट घालून कुठे जाणार आहे?"

दादा, याला काय उत्तर आहे? तू शिकलेला आहेस, तू सांग. मी शटरजवळ गेले, परत आले, परत गेले. मग कोट काढला आणि मागच्या दाराने दिला. त्याने तो तिथेच अंगात घातला आणि एकदम सरळ उभा राहिला. मला वाटलं, चला, एक झालं, विसरून जाऊ.

पण अशी गोष्ट गल्लीत राहते होय? दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या. त्यांचा राखाडी कोट. राखाडी तर आपल्याकडे बरेच, आणि पावत्यांची वही कमिशनरने कोर्टात नेलेली. मी अंदाजाने एक काढला, तर मागून आवाज आला.

"ए भिंगरे. तो बाईंचा नाही. तो बुटक्या डॉक्टरचा. बाईंच्या कोटाला आतून निळं अस्तर आहे."

काका. आतल्या जिन्याच्या दारात, एक हात चौकटीला. दावा लागल्यापासून त्यांनी मला उद्देशून एक शब्द काढला नव्हता.

मी म्हटलं, "वकिलांनी सांगितलंय, मी तुमच्याशी बोलायचं नाही."

"मग नको बोलूस. ऐक. आणि तो असा चुरगळलेला देणार आहेस? तुझ्या आजोबांनी तुला कोटासकट बाहेर काढलं असतं."

असं म्हणून ते खाली आले, गुडघ्यांना शिव्या घालत, आणि त्यांनी इस्त्री तापायला लावली. बाई काउंटरपलीकडे उभ्या. काकांनी कोटावर पाणी शिंपडलं, बाह्या केल्या, पाठ केली, कॉलर उलटी करून केली. मी बघत बसले. खरं सांगते, दावा लागल्यापासून मी पहिल्यांदा एका जागी बसले होते.

तेव्हापासून बाबा वकिलाकडे गेले की काका खाली. कोण आलं की मी नाव विचारायची, काका हात न लावता सांगायचे, "तिसरी रांग, खिडकीकडून." मध्ये मध्ये बोलणी असायची. "तुझ्या बापाला इस्त्री कधी जमली नाही. गोड बोलणं जमतं, म्हणून काउंटरवर." मी म्हणायची, "आणि तुम्हाला गोड बोलणं जमत नाही म्हणून मागे." ते म्हणायचे, "म्हणूनच तर दुकान चाललं. दोघंही पुढे असतो तर गिऱ्हाईक पळालं असतं, दोघंही मागे असतो तर आलंच नसतं."

आता चुकीचं सांगते. हँगर मोकळे दिसायला लागले. बाबा रोज संध्याकाळी रांगांवरून नजर फिरवतात, मोकळी जागा दिसली की संपलं. काका म्हणाले, "मोजणी नगांची असते. कव्हरच्या आत काय आहे ते कोण बघायला बसलंय?" वर गेले आणि स्वतःचे जुने शर्ट घेऊन आले. दोन पँटी. काकू गेल्यापासून जपलेली त्यांची शाल. तुझा मरून ब्लेझर. कोर्टाला फसवायला टांगायचे होते, तरी एकेक इस्त्री केला. मी म्हटलं, "काका, कव्हरमध्ये कोण बघणार आहे?" ते म्हणाले, "मग काय, बोळा करून टांगू?"

आम्ही दोघांनी मिळून हे केलं आणि आम्हाला फार हुशार वाटलं. कपड्यांच्या धंद्यात जन्म गेलेल्या दोन माणसांना एवढं सुचलं नाही की या घरात कुणाचा कोणता शर्ट आहे हे प्रत्येकाला माहीत असतं.

पाईप फुटला. ओल कुठवर गेली ते बघायला कमिशनरने कव्हरं उघडायला सुरुवात केली. बाबा त्याच्या शेजारी उभे. पहिलं ठीक. दुसरं ठीक. तिसऱ्यात काकांचा तपकिरी रेघांचा शर्ट.

कमिशनरला त्यात काही कळलं नाही. तो म्हणाला, "यादीत इथे काळा कोट आहे." बाबांनी शर्टाची बाही हातात धरली. बराच वेळ सोडेनात. मग म्हणाले, "हा माझ्या भावाचा शर्ट आहे." आणि माझ्याकडे वळून, "बघितलंस तुझा काका? चांगले कपडे लांबवले आणि माझ्या नाकावर टिच्चून स्वतःचे जुने टांगले."

मी तोंड उघडणार होते. उघडलंच होतं. पण बाबांचा चेहरा बघितला आणि माझी मान हलली. वरखाली. दादा, मी हो म्हटलं.

त्यावर वकील खूश. हुकूम मोडला म्हणून काकांवर अर्ज. दंड होऊ शकतो, हिश्श्यावर टाच येऊ शकते, दिवाणी कैदसुद्धा होऊ शकते. आणि माझ्या नावाने एक प्रतिज्ञापत्र टाईप करून तयार: किल्ली माझ्याकडे होती, मी काहीही दिलेलं नाही, आतल्या जिन्याने फक्त काका येऊ शकतात. गुरुवारी सही करायची आहे.

मी वर जाऊन काकांना सांगितलं. ते दाढी करत होते. म्हणाले, "सही करून टाक. तुझं नाव कशाला मध्ये? तुला अजून आयुष्य काढायचंय त्या माणसाबरोबर."

"आणि तुम्हाला आत टाकलं तर?"

"दिवाणी कैदेत माणसाच्या जेवणाचा खर्च दावा लावणाऱ्याने द्यायचा असतो म्हणतात. तुझा बाप मला जेवायला घालणार असेल तर मी जाऊन येतो की."

ते हसले. मला हसू आलं नाही. त्यांच्या गालाला ब्लेड लागलं होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणूनच आधी लिहिलं नाही.

भिंगरी

७ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही. कदाचित तू लिहून फाडलं असशील, मीही हे दोनदा फाडलंय. तरी लिहिते, कारण उद्यानंतर तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळेल आणि ते चुकीचं कळेल.

गुरुवारी मी सही केली नाही.

वकिलांच्या ऑफिसात पंखा फुल्ल, कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक जाडजूड पुस्तक. वकील म्हणाले, इथे, आणि इथे. मी पेन उचललं, ठेवलं, उचललं. मग बाबांकडे न बघता, त्या पुस्तकांकडे बघत सगळं सांगून टाकलं. वेटर, बाई, मागचं दार, काका, इस्त्री, शर्ट. तुझा ब्लेझरसुद्धा.

वकिलांनी चष्मा काढला. "तुम्ही शुद्धीवर आहात ना?" मग बाबांना म्हणाले, "साहेब, आता दोनच रस्ते. एक, अर्ज मागे घ्यायचा. दोन, अर्जात भावाच्या जागी मुलीचं नाव घालायचं."

बाबा म्हणाले, "दोन्ही नाही."

"म्हणजे?"

"अर्ज आहे तसा राहू दे."

"अहो, मग त्यांचा वकील हिला साक्षीला बोलावेल. तुमची मुलगी तुमच्याविरुद्ध उभी राहील. आणि उलटतपासणी मला घ्यावी लागेल."

"घ्या," बाबा म्हणाले. "तिला खोटं बोलता येत नाही. फार वेळ लागणार नाही तुम्हाला."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाहेर बसस्टॉपवर आम्ही दोघं उभे. मी स्टॉपच्या खांबाभोवती फेऱ्या घालत होते, ते एका जागी. बसचा पत्ता नाही. तेव्हा ते म्हणाले, "शर्टाला इस्त्री होती."

मी थांबले.

"कॉलर उलटी करून केलेली. कव्हर उघडल्याबरोबर मला दिसलं. खिजवायला टांगलेला शर्ट कुणी असा इस्त्री करत नाही."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"चोरी नाही हे कळलं. बाकी नव्हतं कळलं."

"मग अर्ज कशाला केलात, बाबा?"

बस आली, ती आमची नव्हती, गेली. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "जिना उतरून खाली आला. इस्त्री तापवली. गिऱ्हाईक केलं. तुझ्याशी गप्पा मारल्या असतील. मी गावात नव्हतो का? मी काय परदेशी होतो? मी दुकान चालवू चालवू म्हणून घसा कोरडा केला तेव्हा याचे गुडघे दुखत होते. आणि मी दाराबाहेर गेलो की बरोबर गुडघे चालायला लागतात. एकदा मला हाक मारली असती."

मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्यावर दावा लावलाय. ते हाक कशी मारतील?"

"दावा लावला म्हणून काय भाऊ नाही?" असं म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते ऐकून कसंसं झालं असावं, कारण मग ते बसच्या वेळांचा बोर्ड वाचायला गेले. तो बोर्ड गंजून कोरा झालाय. त्यांनी बराच वेळ वाचला.

त्या दिवसापासून मी हे डोक्यात घोळवतेय. अर्ज मागे घेतला की काकांना तारखेला कोर्टात यायची गरज नाही. माझं नाव घातलं तरी नाही. अर्ज तसाच ठेवला तर मात्र काकांना यावं लागतं, समोरच्या बाकावर बसावं लागतं, आणि बाबांना ते दिसतात. मी हे बाबांना विचारलेलं नाही. विचारलं तर ते नाही म्हणतील आणि मग खरंच नाही होईल.

काकांना मी हे सांगितलं. आधी म्हणाले, "तुझा बाप म्हणजे ना." मग म्हणाले, "तू साक्ष देऊ नकोस, मी कबूल करून टाकतो." मी म्हटलं, तुम्ही कबूल केलंत तरी मी उभी राहून खरं सांगणार, मग कोर्टाला दोन गुन्हेगार मिळतील, एकाच्या भावात दुसरा. त्यावर त्यांनी मला टोणग्याची उपमा दिली. आपल्या घरात ही मायेची परिसीमा आहे हे तुला माहीतच आहे.

तर उद्या साक्ष आहे. मी खरं सांगितलं की काकांवरचं बहुतेक संपेल आणि माझ्यावरचं सुरू होईल. काय होईल ते कुणी नीट सांगत नाही. तुमचा वकील म्हणतो, ताकीद देऊन सोडतील. आमचा म्हणतो, न्यायाधीश बाई कडक आहेत. मी दोघांचंही ऐकते आणि काउंटरभोवती चालते. पळून जावंसं वाटतं, दार उघडंच आहे, आणि नेमकी आज मी कुठे जात नाहीये.

तुला एकच मागते. रागव, पण काकांवर नको आणि लांबून नको. इथे येऊन रागव. उद्याचा निकाल काहीही लागो, संध्याकाळी ते वर एकटे असतील, आणि मी वर जाऊ शकेन की नाही मला माहीत नाही.

तुमच्या वकिलाने आज निरोप पाठवला होता, साक्षीदार आमच्या बाजूची आहे, तिला आम्ही गाडीने घेऊन जाऊ. बाबा तिथेच बसले होते, बुटांना पॉलिश करत. मी निरोप्याला नको म्हटलं. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "पुकारा लवकर होतो. नऊच्या बसने निघू."

मी म्हटलं, "बाबा, उद्या मी त्यांच्याकडून आहे."

"माहीत आहे. बस एकच आहे."

आणि दुसरा बूट घेतला. मग माझेही मागितले.

उद्या तुझ्या वडिलांची साक्षीदार आणि माझ्या वडिलांच्या शेजारच्या सीटवरची,

भिंगरी